माझ्या तुकडीचे रंग

"अंतर सांग," हेरेकर सर म्हणाले.

मी गुडघ्यांवर बसलो, हनुवटी टेबलाच्या कडेला टेकवली आणि एक डोळा मिटला. समोर निळ्या चादरीचा समुद्र पसरला होता. पिंगपाँगची दोन टेबलं जोडून केलेला. त्यावर बोटाच्या पेराएवढ्या शिशाच्या युद्धनौका रांगा धरून उभ्या होत्या. डावीकडे एक विनाशिका आपल्या रांगेतून फुटून एकटीच पुढे आलेली दिसत होती. इतकं सोपं सावज वर्षभरात माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

"एक्केचाळीस इंच," मी म्हणालो. "सगळ्या तोफा."

सरांनी टेप लावली. अंतर एक्केचाळीसच निघालं. त्यांनी टेपकडे पाहिलं, जहाजाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"नेम उत्तम आहे, दिगंबर. पण ती तुझीच आहे."

सगळे हसले. डॉक्टर उपाध्ये सगळ्यांत मोठ्याने. त्यांच्या हसण्यात काही वाकडं नव्हतं. ते दातांचे डॉक्टर, मनाने मोकळे, आणि आमच्या मंडळात जहाजं रंगवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दाढेत चांदी भरावी तितक्या नाजूकपणे ते शिडीच्या पायऱ्या रंगवायचे.

मंडळ म्हणजे आम्ही सातआठ जण. हेरेकर सर नौदलातून कमांडर म्हणून निवृत्त होऊन बेळगावात टिळकवाडीला येऊन राहिले होते. त्यांच्या गॅरेजवरच्या खोलीत दर रविवारी सकाळी आमची लढाई चालायची. नियम साधा होता. टेबलाच्या उंचीवर डोळा आणायचा, शत्रूचं जहाज किती लांब आहे आणि कुठल्या बाजूला चाललं आहे ते नुसत्या नजरेने सांगायचं. मग टेपने मोजायचं. चुकलात तर गोळा समुद्रात. जहाजं सगळी करडी, आणि कुणाची कुठली ते कळावं म्हणून एका बाजूच्या डेकवर लाल पट्टा, दुसऱ्या बाजूच्या डेकवर हिरवा.

मी खेळत होतो तो पाठांतरावर. माझी जहाजं कुठून निघाली, कुठे वळली, हे सगळं डोक्यात ठेवायचो. पण त्या दिवशी चहाच्या वेळी कुणाच्या तरी शर्टाची बाही लागून चारपाच जहाजं आडवी झाली, आणि उचलून ठेवताना माझी एक विनाशिका पुढे सरकली.

"अरे, लाल पट्टा आहे की तिच्यावर," उपाध्ये म्हणाले. "दिसला नाही?"

"नाही," मी म्हणालो. "मला लाल आणि हिरवा वेगवेगळे दिसत नाहीत."

हे मी घराबाहेर पहिल्यांदाच बोललो होतो. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. उद्यमबागच्या एका फाउंड्रीत ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर पांढऱ्या कागदावर काळी पेन्सिल. तिथे कुणाला कळायचं कारण नव्हतं.

"नेव्हीला प्रयत्न केला होतास का?" हेरेकर सरांनी विचारलं.

"केला होता."

"मेडिकलला बाद झालास?"

"होय."

सर उठले. त्यांनी कपाटातून टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं काढलं आणि सगळ्यांसमोर एकेका जहाजावरचा पट्टा पुसायला घेतला. "पुढच्या रविवारपासून एका बाजूला पांढरी एक रेघ, दुसऱ्या बाजूला दोन," ते पुसता पुसता म्हणाले. "आणि दुसरी गोष्ट. दिवाळीनंतर पुण्याची मंडळी येतायत खेळायला. त्या लढाईला ही जुनी जहाजं नकोत. प्रत्येकाने आपली तुकडी नव्याने रंगवायची. रंग ज्याचे त्याने निवडायचे."

"दिगंबरची मी करून देतो," उपाध्ये लगेच म्हणाले. "त्याला उगाच त्रास कशाला?"

"नको, डॉक्टर," मी म्हणालो. "माझी मी करणार."

सरांनी मान वर केली. "रंग कुठलेही घे. पण का घेतलेस ते मला सांगता आलं पाहिजे. छान दिसतात म्हणून घेतले, हे कारण चालणार नाही."

घरी येताना पायांत बळ आल्यासारखं झालं होतं. पण घरी आई होती.

माझ्या आईचं शहापुरात मॅचिंग सेंटर होतं. वडील मी शाळेत असताना गेले, तेव्हापासून ती ते एकटीने चालवायची. साडी घेऊन बाई दुकानाच्या पायरीवर आली, की आई तिथूनच बघायची आणि मागे हात करून कापडाच्या शेदीडशे गठ्ठ्यांतून नेमका एक ओढायची. मोरपंखी म्हणजे कुठला मोरपंखी, आमसुली म्हणजे किती आमसुली, यावर शहापुरात तिचा शब्द शेवटचा. लग्नघरच्या बाया सांगायच्या, शिनोळकरबाईंनी होय म्हटलं की उन्हात नेऊन बघायची गरज नाही.

आणि तिच्या पोटी मी.

नौदलाच्या तपासणीला ती माझ्याबरोबर आली होती. लेखी झाली, मुलाखत झाली, आणि मग ते ठिपक्यांचं पुस्तक समोर आलं. पानापानावर ठिपके. त्यांत आकडा आहे म्हणे. मला ठिपकेच दिसत होते. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं, बाहेर बाकावर बसलेल्या आईला आत बोलावलं आणि तिच्या वडिलांविषयी विचारलं. आई म्हणाली, "अण्णांना झाडावरचा पिकलेला आंबा ओळखता यायचा नाही. आम्ही पोरं हसायचो." डॉक्टर म्हणाले, "मुलाला हे आईकडून येतं," आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

त्या दिवसापासून माझे सगळे रंग तिने आपल्या ताब्यात घेतले. कुठल्या पँटवर कुठला शर्ट, ते रात्रीच जोडून खुंटीला लागलेले असायचे. केळं पिकलं की तीच सोलून हातात द्यायची. माझ्या डोळ्यांविषयी मात्र आमच्यात पुन्हा कधीच बोलणं झालं नाही. मी काढलं नाही, तिने काढू दिलं नाही.

तुकडी रंगवायची आहे, हे मी तिला सोमवारी दुपारी दुकानात सांगितलं. शटर अर्धं खाली होतं. ती ब्लाउजपीसच्या घड्या घालत होती.

"कुठले रंग पायजेत तेवढं सांग," ती म्हणाली. "मी खडेबाजारातून आणते. बाटल्यांवर नावं लिहून ठेवते. कुठे कुठला लावायचा तेपण सांगते."

"आई, या वेळी तू सांगायचं नाहीस."

"का?"

"माझी जहाजं आहेत."

"शर्टपण तुझेच असतात की."

"ते तू निवडतेस. हे मी निवडणार."

तिने घडी घालायची थांबवली. "आणि चुकलं तर? पुण्याची माणसं येणार म्हणालास. लोक हसतील, दिगू."

"हसू देत."

"मला बघवायचं नाही."

"मग बघू नको."

मला वाटलं होतं त्याहून ते जास्त कडक निघालं. आईने हातातलं कापड मांडीवर ठेवलं आणि त्यावरून तळवा फिरवत राहिली. सुरकुती नव्हतीच त्यावर. तेवढ्यात एक बाई शटरखालून वाकून आत आली. आई उठली आणि पुन्हा दुकानदारीण झाली. डॉक्टरांची मदत घेतली असती तर जहाजं नुसती देखणी झाली असती. पण तिची घेतली असती तर ती जहाजं माझी राहिली नसती, तिची झाली असती. तिचं चुकलं नसतंच, आणि म्हणूनच मला ती नको होती.

हेरेकर सरांकडे जुन्या युद्धनौकांच्या फोटोंचा एक जाडजूड अल्बम होता. तो मी मागून आणला. सगळे फोटो काळेपांढरे. ते बघताना मला एक गोष्ट कळली आणि मी फाउंड्रीतून आल्या आल्या रोज तो अल्बम घेऊन बसू लागलो. या फोटोंसमोर मी आणि जग एकाच पायरीवर होतो. उपाध्यांना यात जे दिसेल तेच मला दिसत होतं, काकणभरही कमी नाही. आणि पेन्सिलीने छाया भरण्यात माझा जन्म गेला होता. गडद, जरा कमी गडद, फिकट, त्याहून फिकट, हे मला अर्ध्या झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

त्यांतल्या काही जहाजांवर तिरपे, वेडेवाकडे पट्टे होते. पहिल्या महायुद्धातली जहाजं, सर म्हणाले होते. समुद्रात मोठं जहाज लपवता येत नाही, म्हणून लपवायचा नाद सोडून त्यांनी बघणाऱ्याला चकवायचं ठरवलं. पट्टे असे मारायचे, की जहाज येतंय की जातंय तेच पाणबुडीला कळू नये.

आमच्या खेळात तर नजरेवरच सगळं होतं. मला माझं कारण सापडलं.

अनगोळला मुजावर नावाचे पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्याकडे उरलेल्या रंगांचे डबे पडलेले असत, ओघळांनी माखलेले, नाव न दिसणारे. मी डबे उघडून बघू लागलो.

"कुठला पाहिजे?" मुजावरांनी विचारलं.

"नाव सांगू नका," मी म्हणालो. "मी बघून घेतो."

त्यांना मी थट्टा करतोय असं वाटलं असावं. पण त्यांनी नावं सांगितली नाहीत.

गच्चीवर दिवसाच्या उजेडात मी काम करायचो. हार्डबोर्डच्या तुकड्यावर प्रत्येक डब्यातला एक ठिपका लावला, वाळू दिला आणि पेन्सिलीच्या छटांशी ताडून बघितला. जो गडद झाला त्यात पांढरा, जो उडाला त्यात काळा. असं करत अंधारापासून उजेडापर्यंत एक सरळ उतरंड लावली. मग एकेक जहाज घेतलं. मागच्या टोकाला गडद तिरपी पाचर मारली, इतकी टोकदार की तेच नाक वाटावं. खऱ्या नाकावर फिकट रंग, निळ्या चादरीत विरघळून जाणारा. मध्ये मनोरे कुठे संपतात ते कळू नये म्हणून तुटक पट्टे. पहिली तीन जहाजं बिघडली. ती टर्पेंटाइनमध्ये बुडवून पुन्हा शिशाच्या रंगाची केली आणि पुन्हा सुरुवात केली. रेघ वाकडी जाऊ लागली की उठून गच्चीत दोन फेऱ्या मारायच्या आणि परत बसायचं. उपाध्यांच्या हाताची सफाई माझ्याकडे नव्हती. पण कुठली रेघ कशासाठी आहे हे मला ठाऊक होतं.

शेवटचं जहाज वाळत ठेवलं त्या दिवशी आई धुणं घेऊन वर आली. तोवर ती मुद्दाम गच्चीत फिरकली नव्हती. धुण्याची बादली हातातच राहिली. मी जहाजांकडे बघत नव्हतो, तिच्याकडे बघत होतो. तिची नजर एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली आणि ओठ उघडले. मी वाट बघितली.

"वाळलेत काय?" तिने विचारलं.

"उद्यापर्यंत वाळतील."

"झाकून ठेव. धूळ बसेल."

एवढं बोलून तिने धुणं वाळत घातलं आणि ती खाली गेली. संध्याकाळी मात्र तिने दुकानातलं एक पुठ्ठ्याचं खोकं माझ्यापुढे ठेवलं. आत मलमलीचे थर घातलेले होते, जहाजं एकमेकांवर घासू नयेत म्हणून.

पुण्याहून चौघे आले. त्यांचा म्होरक्या लोहोकरे म्हणून एक उंच गृहस्थ होता, बँकेत अधिकारी. सगळ्यांनी आपापली जहाजं टेबलावर मांडली. उपाध्यांची तुकडी तर बघत राहावी अशी, पहाटेच्या पाण्यासारखी निळसर करडी. मग मी खोकं उघडलं.

एकेक जहाज काढून मांडलं. आणि मग लोहोकरे म्हणाले, "यांच्याकडे धुळवड अजून चालू आहे वाटतं." पुण्याची मंडळी पोट धरून हसली. आमचीही काही.

उपाध्ये हसले नाहीत. ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "दिगंबर, हा पोपटी आहे. त्याला लागून तू विटकरी मारलायस. आणि हे सगळं पुढचं टोक गुलाबी आहे. तुला माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे तर शांत, शिस्तीत उतरत गेलेल्या छटा होत्या. आईचं गच्चीतलं तोंड आठवलं. पोपटीशेजारी विटकरी बघून त्या बाईच्या जिवाचं काय झालं असेल, आणि तरी ती वाळलेत काय एवढंच विचारून खाली गेली होती.

"अर्धा तास आहे," उपाध्ये म्हणाले. "माझ्याकडे करडा रंग आहे. एकेक हात फिरवून देतो."

"नको," मी म्हणालो.

"कारण सांग," हेरेकर सरांचा आवाज आला. ते टेबलाच्या पलीकडे हात मागे बांधून उभे होते. हसत नव्हते.

"टेबलाच्या उंचीवरून जहाजाचं तोंड कुठे आहे ते कळू नये," मी सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं. "गडद टोक मागे आहे, फिकट पुढे."

"डाव सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकलंत," लोहोकरे म्हणाले.

"सांगितलं तरी चालेल," मी म्हणालो.

"मांडा," सर म्हणाले.

पहिल्या फेरीला लोहोकरे गुडघ्यांवर आले, एक डोळा मिटला. "एकोणतीस इंच. उजवीकडे चाललीय." सरांनी टेप लावली. अंतर जवळपास बरोबर होतं, पण जहाज डावीकडे चाललं होतं. गोळा समुद्रात. दुसऱ्या वेळी त्यांनी विचार करून दिशा उलटी सांगितली, तर ते जहाज मी मधल्या काळात वळवलं होतं. पुन्हा समुद्रात. मग ते एकेका जहाजापुढे बराच वेळ बसू लागले. मध्येच डोळे चोळायचे. त्यांना सांगून ठेवलेलं होतं, तरी डोळा ऐकत नव्हता. टोकदार आणि गडद दिसलं, की त्यालाच तो नाक समजत होता. दुपारच्या जेवणानंतर माझ्या जहाजांवर कुणी हसलं नाही.

लढाई आम्ही हरलो. उपाध्यांची देखणी तुकडी डाव्या बाजूला एकामागोमाग एक बुडाली आणि मधली फळी उघडी पडली. माझी एक क्रूझर गेली. बाकीची जहाजं घेऊन मी संध्याकाळपर्यंत मागची बाजू धरून ठेवली आणि टेबलाच्या कडेने सुखरूप बाहेर काढली. आमच्या बाजूची तरंगत राहिली ती तेवढीच.

टेप गुंडाळत असताना दारात आई दिसली. इथे ती कधीच आली नव्हती. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी दुकान बंद करून आली होती. हातात चिवड्याचा डबा.

"या काकू," उपाध्ये म्हणाले. त्यांच्या पत्नीचे ब्लाउजपीस आमच्याकडूनच जायचे. "सबंध शहापूर तुमच्याकडून मॅचिंग करून नेतं आणि याने तुम्हाला विचारलं नाही?"

लोहोकऱ्यांनी मागे वळून पाहिलं. हे रंग या बाईंच्या घरातून आले आहेत, हे आता सगळ्यांना कळलं होतं. आईने डबा खुर्चीवर ठेवला आणि पदर खांद्यावरून सारखा केला.

"मीच म्हटलं होतं सांगते म्हणून," ती म्हणाली. "त्याने नको म्हटलं. रंग त्याचे आहेत. माझा त्यात हात नाही."

"त्याने चांगले निवडलेत," हेरेकर सर म्हणाले. "बसा, वहिनी."

मंडळी चहाला खाली गेली. आई गेली नाही. ती टेबलापाशी उभी राहिली आणि माझी जहाजं बघू लागली. मी खोक्यात मलमल पसरत होतो.

"दिगू," ती म्हणाली, "तुला ही कशी दिसतात?"

माझा हात थांबला. असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. लोक विचारायचे, हा कुठला रंग सांग, तो कुठला सांग. आणि तिने तर काहीच विचारलं नव्हतं.

"आजच का विचारालीस?"

"भीती वाटायची," ती जहाजांकडे बघतच म्हणाली. "विचारलं आणि तू म्हणालास, सगळं राखेसारखं दिसतं, तर? माझ्याकडूनच आलेलं. मी काय करणार होते मग?"

"राखेसारखं नाही दिसत, आई. निळा दिसतो. पिवळा दिसतो. लाल-हिरव्याचाच घोळ आहे. आणि गडद-फिकट तर मला लख्ख दिसतं."

"खरंच काय रे?"

"ये, दाखवतो. इथे बस खाली."

ती पदर आवरून गुडघ्यांवर बसली. मी तिच्या शेजारी बसलो.

"आता डोळे अर्धे मिट. पापण्यांतून बघ. रंग कुठला ते बघू नको. अंधार किती आहे तेवढंच बघ."

तिने डोळे बारीक केले. कपाळावर आठी आली. खालून कपबशांचा आवाज येत होता. ती एका जहाजावरून दुसऱ्यावर नजर सरकवत गेली.

"पायऱ्या आहेत," ती म्हणाली. "जिन्यासारख्या. काळ्यापासून खाली उतरत गेलेल्या."

"होय."

"ही सगळ्यात गडद." तिने एका जहाजाच्या गडद टोकावर बोट ठेवलं.

"नाही. तिच्या शेजारची."

ती तशीच वाकून राहिली. डोळे आणखी बारीक केले, मान डावीकडे केली, उजवीकडे केली, आणि मग बोट उचलून शेजारच्या जहाजावर ठेवलं.

"होय की," ती म्हणाली. "आता पुढची सांग."